चार फड, एक पाट

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवाच्या देवळापाशी पूर्णा तापीला मिळते. हतनूर धरणाचे पाणी आता इथवर फुगते, त्यामुळे नदी अगदी हाताशी आल्यासारखी वाटते. धरण होण्याआधीची तापी अशी नव्हती. खोल कोरलेले पात्र, दोन्ही अंगांना मातीच्या उभ्या दरडी, आणि दरडीवरच्या काळ्या कसदार रानाला खालच्या पाण्याचा काडीचाही उपयोग नाही. पाट काढावा तर पाणी इतके वर चढणार कसे? एदलाबाद (मुक्ताईनगरचे जुने नाव), रावेर, सावदा, यावल या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने म्हणूनच नदीची आशा सोडली आणि विहीर खोदली. महसुली दप्तरात ही जमीन मोटस्थळ. विहीर ज्याची त्याची, बैल ज्याचे त्याचे, मोट ज्याची त्याची.

तापी तशीच पश्चिमेला जात राहते. शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तिला पांझरा मिळते, आणि पांझरेची गोष्ट अगदी वेगळी आहे. सह्याद्रीत पिंपळनेरच्या वरच्या अंगाला तिचा उगम. पात्र उथळ, तळ खडकाळ, उतार चांगला. अशा नदीत जागा हेरून आडवा दगडी बंधारा घातला की पाणी काठाच्या उंचीला येते आणि काठाकाठाने काढलेल्या कालव्यातून आपल्या उताराने शेतात जाते. मोट नको, बैल नकोत. शेजारच्या बागलाणातल्या मोसम, आरम आणि गिरणा या नद्यांवरही हेच. ही जमीन पाटस्थळ.

पाटाच्या पाण्याला मात्र एक मोठी अडचण असते. ते ज्याचे त्याचे नसते. कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी रात्रीतून चारी फोडून आपला ऊस भिजवू शकतो आणि शेवटाकडच्या माणसाच्या वाट्याला कोरडा दांड येतो. हे शेवटच्याला ठाऊक असते, म्हणून कालव्यातला गाळ काढायला तो येत नाही. तो येत नाही म्हणून पहिलाही जात नाही. दोन पावसाळ्यांत कालवा बुजतो, आणि ज्यांची शेते भिजू शकत होती ते सगळेच पावसाच्या भरवशावर येतात. यात कुणी दुष्ट असण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपापल्या हिताचा शहाणपणाने विचार केला तरी गावाचे नुकसान ठरलेले. पांझरेकाठच्या गावांनी हे कोडे तीन-चारशे वर्षे सोडवून दाखवले. ते कसे, हे मला खानदेशाच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण वाटते, लढायांपेक्षा आणि राजवटींपेक्षाही.

बंधारे नेमके कुणी बांधले याचा लेखी पुरावा फारसा नाही. लोकांची आठवण ते मुसलमानी अमदानीकडे नेते. थाळनेर आणि बऱ्हाणपूर इथून फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1601 पर्यंत खानदेशावर राज्य केले, आणि त्या काळात हा प्रदेश धनधान्याने भरलेला होता. 1880 साली मुंबई सरकारने खानदेशाचे गॅझेटियर छापले, तेव्हाही पश्चिम भागात जुन्या बंधाऱ्याच्या खुणा नसलेली नदी क्वचितच सापडे. मधल्या काळात खानदेशाने पाहू नये ते पाहिले होते. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा इथून गेल्या, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला, मग पेंढाऱ्यांची लूट. गावेच्या गावे ओस पडली, धुळ्यातही वस्ती उरली नाही. 1818 साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज कंपनी सरकारचा पोलिटिकल एजंट म्हणून आला, तेव्हा त्याच्या ताब्यात आलेला मुलूख बव्हंशी रान झालेला होता.

अशा पडझडीतून फड, म्हणजे पाटाच्या सामाईक पाण्याची ही व्यवस्था, पुन्हा उभी राहिली, याचे मला फार अप्रूप आहे. बंधारा फुटला तर दगड-चुन्याने सांधता येतो. पण पाणीवाटपाची रीत फक्त माणसांच्या सवयीत असते. गाव उठले की रीतही उठते. परत आलेल्या लोकांनी ती पुन्हा बसवली, कारण तिच्याशिवाय पाटाचे पाणी वापरण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता.

ही रीत अशी. बंधाऱ्याखाली गावाची जेवढी जमीन भिजते तिचे साधारण चार मोठे भाग करायचे. हे फड. एकेक फड दहा-वीस हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत असू शकतो. कालव्यातून चाऱ्या निघतात, चारी फडापर्यंत पाणी आणते, पुढे दांडांतून ते वाफ्यात जाते. जास्तीचे पाणी सांडव्याने परत नदीत सोडायचे, म्हणजे खालच्या गावाच्या बंधाऱ्याला ते मिळते. हंगामाआधी गावकरी बसतात आणि यंदा कोणत्या फडात काय घ्यायचे, कोणता फड कोरडा ठेवायचा, हे ठरवतात. एका फडात एकच पीक. एखादा फड उसाचा, एखादा गहू-हरभऱ्याचा, पिंपळनेरकडे एखादा भाताचा. पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलते.

एका फडात एकच पीक हा नियम वरवर जाचक वाटतो. माझ्या शेतात मी काय पेरायचे हे गाव कोण ठरवणार? पण नीट पाहिले तर त्यातली हुशारी लक्षात येते. एकच पीक असले की सगळ्या फडाला पाणी एकाच वेळी लागते आणि सारखेच लागते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने भिजवत गेले की पाणी वाटेत कमी मुरते. शेजाऱ्याच्या उसाचा पाझर माझ्या हरभऱ्यात येऊन तो पिवळा पडला, ही तक्रारच उरत नाही. आणि कुणी जास्त पाणी घेतले तर ते लपत नाही. सगळीकडे ऊस सारखा उभा असताना एकाच वाफ्यात चिखल दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्याला कळते.

याहून खोल आहे ती जमिनीची मांडणी. फडाखालच्या शेतकऱ्याची जमीन एका जागी नसे; जवळजवळ प्रत्येक फडात त्याचा एकेक तुकडा असे. एखाद्या कृषी अधिकाऱ्याला हे जमिनीचे दुर्दैवी तुकडीकरण वाटेल. पण याच तुकड्यांवर सगळी व्यवस्था उभी होती. नदीला पाणी कमी आहे, यंदा एकच फड भिजवू, असे ठरले तर नुकसान कुणाचे? सगळ्यांचे, आणि प्रमाणात. उरलेल्या फडात पाणी आले तर फायदाही सगळ्यांचा. कालव्याच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे, त्याचेच दुसरे शेत शेपटाकडे आहे. तो तोंडाशी चोरी करील तर शेपटाकडे स्वतःचेच पीक वाळवील. तोंडाकडचे आणि शेपटाकडचे अशा दोन तटांत गाव फुटूच शकत नव्हते, कारण प्रत्येक माणूस दोन्ही तटांत होता.

पाणी देण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती ठेवलेलेच नव्हते. त्यासाठी पाटकरी. ज्याचे शेत आहे त्याने चारीला हात लावायचा नाही. पाटकरी फावडे घेऊन येईल, माती आणि गवताचा बांध फोडील, वाफा भरला की बुजवील आणि पुढे सरकेल. त्याच्यावर पंचांची नजर. उभ्या पिकाची राखण जागल्या करी. दोघांचा मोबदला धान्यात, म्हणजे फड पिकला तरच त्यांची कोठी भरणार. कालव्यातला गाळ काढायला ज्याची जेवढी जमीन तेवढी माणसे त्याने पाठवायची. न पाठवणाऱ्याला दंड. दंड जबर नसे. पण तो चारचौघांत बसल्या जागी ठरे, आणि ज्यांच्याशी उद्या सोयरीक करायची, ज्यांच्या खांद्यावरून शेवटी जायचे, त्यांच्यासमोर भरावा लागे.

आता खानदेशाबाहेर एक फेरी मारू. 1968 साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सामाईक कुरणावर एक लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. जे सगळ्यांचे असते त्याचा नाश अटळ आहे, कारण प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतच राहणार, असे त्याचे म्हणणे. त्यावर उपाय त्याने दोनच सांगितले, खासगी मालकी किंवा सरकारी ताबा. पुढची वीस वर्षे जगातल्या धोरणकर्त्यांनी हे जवळपास सिद्ध झालेले सत्य मानले. पांझरेकाठी त्याच वेळी तिसरी वाट चालू होती, पण ती कुणाच्या पुस्तकात नव्हती.

1980 च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने एक अजब स्पर्धा घेतली. दोघांनी एकमेकांना साथ दिली तर दोघांचा बरा फायदा, एकाने दगा दिला तर त्याचा जास्त फायदा आणि दुसऱ्याचे नुकसान, दोघांनीही दगा दिला तर दोघांचे नुकसान. हा डाव एकाच जोडीदाराशी पुन्हा पुन्हा खेळायचा असेल तर सर्वांत चांगली चाल कोणती? तज्ज्ञांनी संगणकाचे कार्यक्रम लिहून पाठवले. जिंकला अ‍ॅनाटोल रॅपोपोर्टचा, आणि तो सर्वांत छोटा होता: पहिल्यांदा साथ द्यायची, नंतर समोरचा जे करील तेच पुढच्या डावात करायचे. बासष्ट प्रवेशिकांची दुसरी फेरी झाली, तीही त्यानेच जिंकली. 1981 साली अ‍ॅक्सेलरॉडने जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टनबरोबर हे निसर्गालाही लागू पडते असे दाखवले. मर्म एवढेच, की पुन्हा भेट होणार असेल तर साथ टिकते. डाव शेवटचा आहे असे वाटले की दगा सुरू होतो.

फडात डाव शेवटचा कधीच नसे. पुढचा हंगाम ठरलेला, शेजारी ठरलेला, आणि फडांची पाळी बदलत असल्याने आज वर असलेला उद्या खाली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 साली सामाईक साधनसंपत्तीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाट, फिलिपिन्समधले सिंचन-संघ, स्वित्झर्लंड आणि जपानमधली गावे, अशी शेकडो वर्षे टिकलेली उदाहरणे पाहून त्यांनी टिकाऊ व्यवस्थांची लक्षणे काढली: कोण आत आणि कोण बाहेर हे स्पष्ट असणे, नियम त्या जागेला जुळणारे असणे, वापरणाऱ्यांनीच ते ठरवणे, देखरेख करणारा त्यांनाच जबाबदार असणे, दंड हलका सुरू होऊन चढत जाणे, भांडण जागीच मिटणे, सरकारने लोकांचा हा हक्क मान्य करणे. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ही यादी वाचताना पांझरेकाठच्या सामोड्याचा किंवा न्याहळोदचा जुना माणूस म्हणेल, यात नवे काय? नवे हे, की जगाच्या चार कोपऱ्यांत एकमेकांना न ओळखणाऱ्या शेतकऱ्यांना तेच सापडले होते.

सरकारी मान्यतेचे लक्षण फडांच्या बाबतीत इंग्रजी अमदानीत जुळून आले. मुंबई पाटबंधारे कायद्यात अशा जुन्या कामांना द्वितीय वर्गाची सिंचन कामे म्हणून वेगळी जागा मिळाली, आणि कुणाचा पाण्यावर काय हक्क याची नोंद करण्याची तरतूद झाली. 1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्यानेही तो वर्ग ठेवला. इंग्रज सरकारला सारा हवा होता, आणि पाटस्थळ जमिनीचा सारा जास्त असे. हेतू काहीही असो, वाटप गावाकडे राहिले, हे महत्त्वाचे.

फडांचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता, माणसाला नव्हे. जागल्या बहुधा भिल्ल. तो रात्रभर फड राखी, धान्याचा वाटा घेई, पण वर्षाचे पीक ठरवायला बसणाऱ्यांत तो नसे. गावातल्या बायाही नसत, मग वाफ्यांत त्यांचे हात कितीही राबोत. या सहकार्याला कुंपण होते, आणि कुंपणाबाहेरच्यांच्या कष्टावरच आतली घडी बसलेली होती. सहकार्य आणि त्यातली वाटणी हा धागा आपले पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी दोन टोकांनी धरला. 1975 साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांनी प्रश्न घेतला की गटाच्या आत स्वार्थी जीव वरचढ ठरत असताना परोपकारी वागणूक टिकते कशी, आणि गटागटांतल्या निवडीने ती टिकू शकते का. पुढे 1983 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी जातींकडे पर्यावरणाच्या नजरेने पाहिले: नंदीवाले, वैदू, फासेपारधी एकाच मुलखात फिरतात, पण शिकारीची जनावरे आणि पोटाचे धंदे वाटून घेतात, म्हणून स्पर्धा कमी होते. मांडणी मोलाची आहे. पण ज्याला वाटणीत कमी आले त्याला ही शांतता कशी दिसते, हेही विचारलेच पाहिजे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा नेमकी हीच गाठ सोडवली. पाणी माणशी अर्धा एकर या हिशेबाने, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस घ्यायचा नाही.

फड मोडले ते भांडणांनी नव्हे. स्वातंत्र्यानंतर वीज आली, पंप आले. फडाखालची विहीर कालव्याच्या पाझरानेच भरते. पण मोटार लावली की तिचा मालक कुणाची पाळी कशाला पाहील? तो कांदा लावील, ऊस लावील, हवे तेव्हा भिजवील. पंचांनी कोरडा ठेवायला सांगितलेला फडही आता त्याच्यासाठी कोरडा नाही. बैठकीला तो यायचा थांबतो, मग गाळाला माणूस पाठवायचा थांबतो. त्याच सुमारास पांझरेच्या वरच्या अंगाला धरणे झाली. नदीचा बारमाही झरा गेला, पाणी केव्हा सुटणार हे गावाबाहेर ठरू लागले. भाडण्याला पांझरा-कान साखर कारखाना निघाला, तेव्हा उसाची ओढ आणखी वाढली. वाटण्या झाल्या, तुकडे विकले गेले, आणि प्रत्येकाचे शेत प्रत्येक फडात ही जुनी वीण उसवली. बाहेर पडण्याची सोय झाली त्या दिवशी साथ देण्याचे कारण उरले नाही. काही गावांत फड अजून चालतात, पण पूर्वीचा दरारा नाही.

आणि इथे पुन्हा मुक्ताईनगरकडे यावे लागते, कारण पांझरेकाठी जे अलीकडे झाले ते तापीच्या या अंगाला आधीपासूनच होते. इथले शेतकरी एकत्र येत नाहीत असे कुणी समजू नये. 1852 साली महसुली मोजणी आली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल या बाजूचे हजारो शेतकरी तिच्याविरुद्ध जमले आणि सरकारला लष्कर आणावे लागले. पुढे केळीचा जमाना आला. एकट्या शेतकऱ्याला दिल्लीच्या बाजारात माल पोचवणे अशक्य, म्हणून फ्रूटसेल सोसायट्या निघाल्या आणि सावद्याच्या स्टेशनातून केळीच्या वाघिणी भरून जाऊ लागल्या. विक्रीसाठी एकी झाली. पाण्यासाठी झाली नाही, कारण पाणी जमिनीखाली होते. तिथे तोंड नाही, शेपूट नाही, चिखल दिसणारा वाफा नाही. मोटेच्या काळात बैलांची ताकदच उपशाला आवर घाली. बोअरवेल आणि सबमर्सिबल पंप आल्यावर तो आवर गेला. केळी हे वर्षभर पाणी पिणारे पीक. ठिबकने पाणी वाचले, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी उभी राहिली. रावेर आणि यावल तालुक्यांची भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत नोंद झाली. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या केळीखालचे पाणी कुणाचे, हे मात्र अजून ठरलेले नाही.

ऑस्ट्रॉमबाईंचे पहिले संशोधन नेमके अशाच पाण्यावर होते. 1965 सालचा त्यांचा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या भूजल क्षेत्राबद्दल आहे. तिथेही प्रत्येकाची विहीर आपली, प्रत्येकाचा पंप आपला, आणि उपसा इतका झाला की समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले. प्रकरण कोर्टात गेले. पण निकालाची वाट न पाहता उपसणाऱ्यांनी आपसांत तडजोड केली. बहुतेकांनी आपला उपसा मोजू दिला आणि कमी केला, आणि कुणी किती पाणी काढले हे सगळ्यांना कळेल अशी सोय झाली. चिखल दिसणाऱ्या वाफ्याचे काम तिथे कागदावरच्या आकड्याने केले. आपल्याकडे हिवरे बाजार या पोपटराव पवारांच्या गावाने हेच दुसऱ्या वाटेने साधले: शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षीची पिके ठरवायची. फडाची बैठकच ती, फक्त पाणी जमिनीखालचे.

2025 च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, पाणी गिळणारा बझाडा पट्टा आहे. पावसाळ्यातले तापीचे पाणी त्यात मुरवायचे, म्हणजे खालच्या विहिरींना ते मिळेल. कल्पना उत्तम आहे आणि केळीपट्ट्याला ती हवीच आहे. पण मुरवलेले पाणी पुन्हा त्याच सामाईक पोटात जाणार, आणि ज्याची बोअर खोल तो ते आधी ओढणार. 2009 च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात पाणलोट क्षेत्राच्या पातळीवर लोकांच्या समित्या आणि पीक नियोजनाची तरतूद आहे. त्या समितीत कोण बसणार, जागल्याच्या नातवाला तिथे जागा असणार का, कोणत्या गावात कोणत्या वर्षी केळीला किती शेते सोडायची, आणि प्रत्येकाच्या उपशाचा आकडा चावडीवर लागणार की नाही, हे पहिले पाणी मुरण्याआधी गावोगावच्या बैठकांत ठरायला हवे.